खोकल्याचं आधी बघा, सहलीचं मग बोलू

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. मुलगी सहा वर्षांची, मुलगा सव्वादोन वर्षांचा. गेल्या रविवारी सासू-सासऱ्यांना घेऊन गाडीने लोणावळ्याला गेलो. निघेपर्यंत साडेनऊ वाजले. खोपोलीच्या पुढे घाटात दोन तास गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मुलीला तीनदा उलटी झाली. टेट्रापॅकमधलं ओआरएस पाजलं, तेही बाहेर पडलं. भुशी डॅमला इतकी गर्दी की गाडी लांब लावून चालत जावं लागलं, आणि तिथे मुलगी पंधरा-वीस मिनिटं हरवली. शेवटी कणसाच्या गाडीपाशी सापडली. यांनी रागाच्या भरात तिला दोन धपाटे घातले. परतताना धाकटा पुढच्या सीटवर आजीच्या मांडीवर बसून चिक्की खात होता. त्याला जोराचा ठसका लागला, पाठीवर थापटल्यावर थांबला. पावसात भिजल्यामुळे तेव्हापासून थोडा खोकला आहे, रात्री छातीत घरघरतं, पण ताप नाही, खेळतोय. सासूबाई अडुळशाचं औषध देताहेत, दृष्टही काढली. मुलगी आता गाडीत बसायलाच तयार नाही. हे म्हणतात, मुलं दहा वर्षांची होईपर्यंत सहल बंद. आमचं नेमकं काय चुकलं? आणि पुढच्या वेळी दोघांना उलटीची कोणती गोळी द्यावी?

उत्तर :

ताई, उलट्या, गर्दी, मुलीचं हरवणं यावर तुम्ही भरभरून लिहिलंत आणि चिक्कीचा ठसका दोन ओळींत उरकलात. बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी नजर नेमकी त्या दोन ओळींवर अडकली. बाकीचं सगळं आठवडाभराने वाचलंत तरी चालेल. धाकट्याला मात्र आजच्या आज दाखवा, शक्यतो लहान मुलांचे सर्जन किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर असलेल्या मोठ्या रुग्णालयात. दृष्ट काढायला माझी हरकत नाही, पाच मिनिटांचं काम आहे. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या की लगेच रिक्षा बोलवा.

कारण सांगते. सव्वादोन वर्षांच्या मुलाला पुढचे दात असतात, त्यांनी तो चिक्कीचा तुकडा मोडू शकतो. पण दाणा भरडायला लागणाऱ्या मागच्या दाढा या वयात जेमतेम येत असतात. तोंडात अर्धा दाणा घोळत राहतो. त्यात मूल हसलं, रडलं किंवा गाडीला धक्का बसला की श्वासाबरोबर तो दाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. पहिली एक-दोन मिनिटं मूल खोकून खोकून लालबुंद होतं, डोळ्यांत पाणी येतं. मग अचानक शांत होतं आणि घरच्यांना वाटतं, गेलं एकदाचं खाली. पुष्कळदा दाणा खाली गेलेला असतो, पण पोटात नव्हे, फुप्फुसाच्या एका नळीत. तिथे तो स्थिरावला की खोकल्याची उबळ कमी होते आणि मूल खेळायला लागतं. नंतर दाणा ओलाव्याने फुगतो, त्यातल्या तेलाने नळीला आतून सूज येते, आणि मग सुरू होतो बारीक खोकला आणि रात्रीची घरघर. ताप पहिल्या दिवसांत नसतो. तो येतो पुढे, अडकलेल्या भागात जंतुसंसर्ग झाल्यावर.

तुमच्या मुलाला हेच झालंय असं मी न तपासता म्हणणार नाही. साधी सर्दीही असू शकेल. पण ‘खाताना ठसका, मग आराम, मग न थांबणारा खोकला’ या क्रमाने हकीकत आली की दाणा अडकला नाही असं सिद्ध होईपर्यंत तो अडकला आहे असंच आम्ही धरतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘पावसात भिजला’ इथून सुरुवात करू नका. पहिलं वाक्य हे असू द्या : ‘रविवारी चिक्की खाताना ठसका लागला, तेव्हापासून खोकला आहे.’ हे न सांगितल्यामुळे अशा मुलांना आठवडेच्या आठवडे दम्याची किंवा न्यूमोनियाची औषधं चालू राहिलेली मी पाहिली आहेत. डॉक्टर दोन्ही बाजूंची छाती ऐकतील, एका बाजूला हवा कमी जातेय का ते बघतील, छातीचा फोटो काढतील. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही, त्यामुळे फोटो ‘नॉर्मल’ आला म्हणून हायसं वाटून घरी येऊ नका. हकीकत पक्की असेल तर श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघावं लागतं आणि त्याच दुर्बिणीतून दाणा काढतात. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून घरातून निघण्याआधी ‘तिथे किती वेळ लागेल कोण जाणे’ असं म्हणून त्याला पोटभर जेवू घालू नका. रुग्णालयात आधी फोन करून काय द्यायचं ते विचारा. श्वास भराभर चालत असेल, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा आवाज बसला असेल तर रिक्षाचीही वाट बघू नका, १०८ लावा.

अडुळसा थांबवा. त्याने अपाय होईल म्हणून नव्हे, तर ‘औषध चालू आहे’ या समाधानात आणखी चार दिवस जातील म्हणून.

ठसक्याचंच बोलतोय तर पुढचंही सांगून टाकते. आपल्याकडे ठसका लागला की ‘वर बघ, वर बघ’ म्हणायचं, टाळूवर थापटायचं आणि वर पाणी पाजायचं, ही रीत. तिन्ही सोडा. मान वर केल्याने अडकलेली वस्तू बाहेर यायला काहीच मदत होत नाही आणि श्वास कोंडलेल्याच्या तोंडात पाणी घालणं धोक्याचं आहे. मूल जोरात खोकत असेल, रडू शकत असेल तर त्याला खोकू द्या. खोकल्यासारखा उपाय नाही. आवाजच फुटत नसेल तर एक वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच जोरकस थापा द्या. तेवढ्याने निघालं नाही तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर मूठ ठेवा आणि आत-वर असे पाच झटके द्या. निघेपर्यंत हे आलटून पालटून करायचं. वर्षाच्या आतल्या बाळाला पोट दाबायचं नाही. त्याला हातावर पालथं, डोकं खाली करून पाच थापा आणि मग उताणं करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या टाचेने पाच दाब. तोंडात काही दिसत नसताना बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते. बाहेर निघालं किंवा मूल आपोआप शांत झालं, तरी त्यानंतर खोकला राहिला तर डॉक्टर गाठायचाच.

आणि पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा, फुटाणे, चिक्की, मक्याचे दाणे, पॉपकॉर्न, अख्खं द्राक्ष, सीताफळाची बी घरातही नको, मग हलत्या गाडीत तर नाहीच. लोणावळ्याला जाऊन चिक्की आणायची नाही असं मी कुठल्या तोंडाने सांगू! आणा, पण मोठ्यांसाठी. मुलांना मऊ फज द्या. दाण्याचं बारीक कूट घातलेली कोशिंबीर धाकट्याला खुशाल चालते, कारण भीती दाण्याची नाही, त्याच्या आकाराची आहे.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते.

मुलीची उलटी. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की आपण वळतोय, हलतोय. डोळे मात्र समोरच्या सीटची पाठ किंवा हातातला मोबाइल बघत असतात, ते सांगतात सगळं स्थिर आहे. या भांडणातून मळमळ होते. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, दोन ते बारा या वयात तो सर्वांत जास्त, आणि त्यातही नऊ-दहाच्या आसपास टोकाला जातो. म्हणजे तुमच्या यजमानांनी सहलीसाठी जे वय ठरवलंय, नेमकं त्याच वयात मुलगी सगळ्यात जास्त ओकण्याची शक्यता आहे! त्यांना सांगा.

औषधांपेक्षा जास्त काम करणारी एक गोष्ट बहुतेक गाड्यांमध्ये नसते, ती म्हणजे बूस्टर सीट. सहा वर्षांचं मूल मागच्या सीटवर एवढं खाली बसतं की त्याला खिडकीतून फक्त आभाळ दिसतं. बूस्टरने ते उंच झालं की पुढचा रस्ता, वळणं दिसतात, डोळे आणि कान एकमत होतात, शिवाय सीटबेल्ट गळ्यावरून न जाता खांद्यावरून जातो. घाटात मोबाइल बंद, पुस्तक बंद, काच थोडी खाली, डॅशबोर्डवरची सुगंधी बाटली घरी. उपाशीपोटी नेऊ नका आणि पुरी-भाजी खाऊनही नको. निघण्याआधी तास-दीड तास पोळीचा लाडू, इडली, असं कोरडं, बिनतेलाचं काहीतरी पोटात हवं. मुलगी जांभया द्यायला लागली, गप्प झाली, चेहरा पांढुरका पडला, की पुढच्या काही मिनिटांत उलटी ठरलेली. ‘बाळा, उलटी येतेय का?’ असं दर वळणाला विचारू नका. विचारून विचारून आणली जाते.

गोळी प्रोमेथाझिनची. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या प्रवासात हीच देतात. ती निघण्याआधी अर्धा ते एक तास द्यावी लागते, उलटी सुरू झाल्यावर उपयोग होत नाही. मात्रा वजनावर ठरते, ती तुमच्या डॉक्टरांनी लिहून द्यायची, शेजारणीच्या मुलीला दिलेली अर्धी गोळी बघून नाही. पुष्कळ मुलं तिने झोपतात, काही उलट चेकाळतात, म्हणून पहिला प्रयोग लांबच्या प्रवासात नको. दोन वर्षांखालच्या बाळाला ही गोळी अजिबात द्यायची नसते, कारण श्वास मंदावू शकतो. तुमचा धाकटा नुकताच दोनच्या पुढे गेलाय आणि त्याला घाटात काही झालं नाही. मग त्याला गोळी कशासाठी? ज्याला त्रास नाही त्याला औषध नाही. आणि घरोघरी फ्रिजवर ठेवलेलं ते ऑन्डान्सेट्रॉनचं सिरप पोट बिघडल्यावरच्या उलटीसाठी आहे, गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग नसतो.

टेट्रापॅकचं म्हणाल तर त्यात बहुधा ओआरएस नव्हतंच. ‘ओआरएस’ असं नाव मिरवणारी साखरेची फळपेयं आपल्याकडे वर्षानुवर्षं औषधांच्या दुकानांत विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयांना हे नाव लावायला मनाई केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी कितीतरी वर्षं त्यासाठी भांडण चालवलं होतं. खरं ओआरएस म्हणजे पुडी. एक लिटरची पुडी एक लिटर पाण्यातच, अंदाजाने ग्लासभर पाण्यात चिमूटभर नाही. गाडी लागून झालेल्या उलटीला मात्र तेही लगेच लागत नाही. उलटीनंतर दहा मिनिटं काहीच देऊ नका, मग चमचा चमचा पाणी किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. तुम्ही घाईघाईने गोड पेय घटाघटा पाजलंत, ते पोटाने परत पाठवलं, एवढंच झालं.

धाकटा पुढच्या सीटवर, आजीच्या मांडीवर, हे मात्र मला सोडून देता येत नाही. पाच जणांच्या गाडीत सहा जण बसवले की असं होतंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेलं तर एक हजार रुपये दंड आहे. दंडाचं सोडा. जोरात ब्रेक लागला तर बारा किलोचं मूल कुठल्याही आजीच्या हातांत राहत नाही, आणि समोरची एअरबॅग उघडली तर तिचा पहिला मार त्याच्या चेहऱ्यावर बसतो. पाच सीट, सहा माणसं असतील तर दोन गाड्या करा, नाहीतर कुणीतरी घरी राहा.

मुलगी हरवली तेव्हा तुम्ही चार मोठी माणसं होतात, आणि म्हणूनच ती हरवली. आईला वाटतं आजोबांचं लक्ष आहे, आजोबांना वाटतं बाबांबरोबर असेल. गर्दीत लक्ष ठेवायची पाळी मोठ्याने नाव घेऊन सोपवावी लागते : ‘आता अर्धा तास ती तुमच्याकडे,’ आणि समोरच्याने ‘हो’ म्हणायचं. सकाळी निघताना मुलांचा त्याच कपड्यांतला फोटो काढून ठेवा, घाबरलेल्या आईला मुलीच्या फ्रॉकचा रंगसुद्धा आठवत नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा. मुलीला सांगून ठेवा, चुकलीस तर जिथे आहेस तिथेच थांब आणि मुलं बरोबर असलेल्या एखाद्या काकूंना किंवा कणीस-चहा विकणाऱ्या गाडीवाल्यांना सांग. कणसाच्या गाडीपाशी थांबली म्हणजे पोरीने आपली आपण अगदी बरोबर अक्कल लढवली. शोधताना पहिली धाव पाण्याकडे, दुसरी रस्त्याकडे, दुकानं नंतर. एकाने मात्र चुकामूक झाली तिथेच उभं राहायचं. पाच मिनिटांत सापडलं नाही तर ११२ वर पोलिसांना फोन.

ती गाडीत बसत नाही याचं कारण तुम्ही उलटी धरलंय. मला वाटतं, धपाटे जास्त लागले असावेत. जिथे धडपणे थांबली तिथेच मार खाल्ला, यातून सहा वर्षांच्या डोक्याने काय शिकायचं? तिच्या बाबांनी, आजीने नव्हे, तिला जवळ घेऊन सांगावं की तू थांबलीस ते फार छान केलंस, मी घाबरलो होतो म्हणून मारलं, ते चुकलं. मग उभ्या गाडीत बसून खेळणं, मग कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत चक्कर. दोनेक आठवड्यांत बसेल.

आता भुशीबद्दल. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्याच्या हडपसर भागातल्या एका कुटुंबातली पाच जणं वाहून गेली, त्यांत लहान मुलं होती. ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला त्यांना आठवत असेल : सगळे एका खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभे होते, आणि चहूबाजूंनी पाणी वाढत होतं. पुढच्याच वर्षी १५ जूनला, रविवारीच, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला, चार जण गेले. अशा ठिकाणी तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या डोंगरात पाऊस पडत असतो, तो पाण्यावाटे मिनिटांत खाली येतो. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत यायला लागला, पाण्याचा आवाज बदलला की सामान तिथेच टाकून वर या. आणि जुलैतल्या रविवारी पाच वर्षांखालचं मूल घेऊन धबधब्याला जाऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. गुडघाभर पाण्यातही ते आवाज न करता जातं.

मग चुकलं काय? उशीर, घाट, गर्दी हे सगळं रविवारी लोणावळ्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतं. तुमचं चुकलं ते हे की परत कधी फिरायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. दुसऱ्या उलटीनंतर खोपोलीला वळला असतात तर दुपारच्या जेवणाला घरी असतात. पण ‘एवढं आलोच आहोत तर’ म्हणून माणूस पुढे जातो, पेट्रोल जळलेलं असतं, सासूबाईंची दशम्यांची पिशवी असते, स्टेटसला फोटो टाकायचा असतो. म्हणून घरातून निघण्याआधी, सगळे ताजेतवाने असताना, आकडा ठरवा : साडेदहाला घाट चढलेला नसला तर मागे. मुलीला दुसरी उलटी झाली तर मागे. आणि हा निर्णय गाडी चालवणाऱ्याकडे ठेवू नका, त्याला पोहोचायचंच असतं. मागच्या सीटवर मुलांजवळ बसलेल्या माणसाकडे ठेवा. या वयाच्या मुलांची सहल तीन तासांची असते, त्यानंतरचा वेळ मोठ्यांचा, आणि तोही दुपारची झोप मोडलेल्या मुलांबरोबर काढायचा.

सहल बंद करू नका. धाकटा बरा झाला की पहिली सहल रेल्वेने करा. कल्याणहून सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांपैकी लोणावळ्याला थांबणारी बघून आरक्षण करा, सुट्टी काढून मधल्या वारी. रेल्वे लागणारी मुलं फार थोडी असतात. कर्जतला घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिनं जोडतात, तेवढ्यात मुलीला आजोबांबरोबर दारापाशी, हात घट्ट धरून, ती बघायला न्या. कर्जतचा बटाटेवडा घ्याच. धाकट्याला आतली भाजी द्या, मिरची बघून. तिथून वर लोणावळ्याला उतरून बाजारात चक्कर मारा, फज घ्या आणि दुपारच्या झोपेआधी परतीची गाडी पकडा. धरण बघितलं नाही तर चालेल, ते कुठे जात नाही.